आयटॅच आयपीटूआयआर: घ्यावा का, आणि घेतला तर बसवावा कसा

होम थिएटरचा ऑटोमेशन कंट्रोलर म्हणून बाजारात मिळणाऱ्या वस्तूंच्या दोन जाती आहेत. पहिल्या जातीच्या पोटात मॅक्रो (एका बटणावर हुकुमांची मालिका), वेळापत्रक, रिमोट, अ‍ॅप असं सगळं असतं आणि त्या बहुतेक वेळा डीलरकडूनच बसवून घ्याव्या लागतात. दुसऱ्या जातीला एकच काम येतं. नेटवर्कवरून आलेला हुकूम इन्फ्रारेड, सीरियल किंवा रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या खटक्याच्या) रूपात समोरच्या यंत्रापर्यंत पोचवायचा. ग्लोबल कॅशे कंपनीचा आयटॅच या दुसऱ्या जातीचा आहे. हे न समजता घेणारे "यात तर काहीच करता येत नाही" म्हणून नाराज होतात. समजून घेणारे तो एकदा रॅकमागे चिकटवतात आणि विसरून जातात.

निकाल आधीच सांगतो. केबलवर चालणारी इन्फ्रारेड आवृत्ती डोळे झाकून घ्यावी अशी आहे. वायफाय आवृत्ती केबल ओढणं अगदीच अशक्य असेल तरच घ्यावी. रिलेची आवृत्ती चांगली आहे, पण तिच्यावर काय जोडायचं नाही हे ठाऊक असलेल्यांसाठीच. या कशालाही स्वतःचं डोकं नाही, ते वेगळं पुरवावं लागतं.

या घराण्यात मुख्य तीन डब्या आहेत. आयपीटूआयआरवर इन्फ्रारेडचे ३ जॅक, आयपीटूएसएलवर १ आरएस-२३२ सीरियल पोर्ट आणि आयपीटूसीसीवर ३ रिले. नावाच्या शेवटी 'पी' असेल तर ती डबी नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेते. सुरुवातीला 'डब्ल्यूएफ' असेल तर ती वायफायची. इथे भर आयपीटूआयआरवर आहे, कारण बहुतेक घरांत सुरुवात तिथूनच होते. बाकी दोघींचा विचार गरजेपुरता.

डोकं कुठे ठेवायचं

आयटॅच टीसीपीच्या ४९९८ क्रमांकाच्या पोर्टवर साधा मजकूर ऐकतो. ना क्लाउड, ना खातं, ना लॉगिन. 'सेंडआयआर' या शब्दापुढे जॅकचा क्रमांक, हुकुमाचा क्रमांक, वाहक लहरीची वारंवारता, किती वेळा पाठवायचं, पुनरावृत्ती माळेत कुठून सुरू करायची आणि मग चालू-बंद स्पंदनांची आकड्यांची माळ. एवढं लिहून शेवटी कॅरेज रिटर्न पाठवलं की काम होतं. 'कंप्लीटआयआर' असं उत्तर आलं की सिग्नल गेला.

ही आकड्यांची माळ पहिल्यांदा बघणाऱ्याला भीती वाटते, पण त्यात गूढ काही नाही. हे आकडे मिलिसेकंदांत नसून वाहक लहरीच्या आवर्तनांत मोजलेले असतात. एनईसी या प्रचलित कोड-पद्धतीचा रिमोट सुरुवातीला ९ मिलिसेकंद चालू आणि ४.५ मिलिसेकंद बंद असा सिग्नल देतो. ३८ किलोहर्ट्झला ९ मिलिसेकंदांत ३४२ आवर्तनं होतात आणि ४.५ मिलिसेकंदांत १७१. म्हणून अशा कोडची सुरुवात ३४२, १७१ अशी दिसते. इथे ४० किंवा ३०० असले आकडे दिसले तर कोड एनईसीचा नाही किंवा नीट शिकला गेलेला नाही, हे पाहताक्षणी कळतं. डबी १५ ते ५०० किलोहर्ट्झपर्यंतची वाहक लहर देऊ शकते. म्हणजे नेहमीच्या ३६, ३८, ४० किलोहर्ट्झपलीकडचा एखादा वेगळ्या वळणाचा रिमोटही तिच्या आवाक्यात येतो. ३८ किलोहर्ट्झवरच अडकलेल्या स्वस्त इन्फ्रारेड यंत्रांना हे जमत नाही.

मॅक्रो, वेळापत्रक, फोनवरची बटणं हे सगळं दुसरीकडे करायचं. होम असिस्टंट या घर-ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आयटॅचसाठी तयार जोडणी आहे. तिथे कोड प्रॉन्टो हेक्स या हेक्साडेसिमल आकड्यांच्या रूपात द्यावे लागतात. टीसीपीवर मजकूर पाठवता येणारी कोणतीही प्रणाली चालते, घरी लिहिलेली १० ओळींची स्क्रिप्टसुद्धा. लॉजिटेकने २०२१ साली हार्मनी रिमोटचं उत्पादन थांबवलं, तेव्हा कंपनीच्या सर्व्हरवर विसंबलेल्या यंत्रांचं पुढे काय होणार हा प्रश्न अनेकांना पडला. आयटॅचच्या बाबतीत तो पडत नाही. इंटरनेट नसलं, कंपनीने लक्ष काढून घेतलं, तरी घरातलं नेटवर्क चालू आहे तोवर डबी काम करत राहते. आमच्या मते हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे.

बसवणं: नेटवर्क आणि वीज

डबी रॅकमध्ये ठेवताना अ‍ॅम्प्लिफायरच्या किंवा रिसीव्हरच्या (ज्याला सगळे स्रोत आणि स्पीकर जोडतात त्या यंत्राच्या) डोक्यावर ठेवू नका. तिची स्वतःची उष्णता नगण्य आहे, पण रिसीव्हरच्या जाळीवर ती बसली तर रिसीव्हरचा श्वास कोंडतो. रॅकच्या बाजूच्या पट्टीवर दुहेरी टेप किंवा वेल्क्रो लावून चिकटवणं उत्तम.

साधी आवृत्ती सोबतच्या ५ व्होल्ट अडॅप्टरवर चालते. टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून तिला वीज देण्याचा मोह टाळा. टीव्ही बंद झाला की बहुतेक वेळा तो पोर्टही बंद होतो, आणि मग टीव्ही चालू करायचा हुकूम घेणारी डबीच झोपलेली असते. 'पी' आवृत्तीला ८०२.३एएफ मानकाचं पीओई (नेटवर्कच्या केबलमधून वीज देणारं) स्विच किंवा इंजेक्टर लागतं. जुन्या वायरलेस उपकरणांसोबत येणारे २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर दिसायला सारखेच असतात, पण ते समोर कोण आहे हे न विचारता वीज सोडतात. असा इंजेक्टर चुकून साध्या डबीला जोडला तर ती जळू शकते. मानकातला पीओई आधी समोरच्या यंत्रातला ओळखीचा रोध तपासतो, मगच वीज देतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर डबी राउटरकडून पत्ता घेते. राउटर नसलेल्या जोडणीत ती १९२.१६८.१.७० या पत्त्यावर सापडते. कंपनीचं आयहेल्प हे विंडोजवरचं छोटं साधन तिला शोधून देतं. पत्ता कळला की राउटरमध्ये जाऊन तो तिच्या मॅक पत्त्याशी (यंत्राच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाशी) कायमचा बांधून टाका. हे न केल्यामुळे होणारा घोटाळा नेहमीचा आहे. सगळं महिनोन्‌महिने छान चालतं, एके दिवशी वीज जाऊन येते, राउटर पत्ते नव्याने वाटतो आणि सगळी बटणं एकदम मुकी होतात. दोष मात्र डबीला मिळतो.

आयहेल्पला डबी सापडत नाही, पण पत्ता टाकून तिचं वेबपान उघडतं, असं झालं तर डबी बिघडलेली नाही. स्वतःची ओळख ती २३९.२५५.२५०.२५० या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर, ९१३१ पोर्टवर अधूनमधून पुकारते. स्विचमधलं आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट गाळणारी सोय), वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा तोडलेला भाग) किंवा वायफायवरचं क्लायंट आयसोलेशन (यंत्रांना एकमेकांपासून तोडणारी सोय) ही पुकार अडवतं. प्रत्यक्ष हुकूम मात्र साध्या टीसीपीवरून जातात, त्यामुळे पत्ता हाताने टाकला की विषय संपतो.

वायफाय आवृत्तीबद्दल नाराजी इथेच. ती २.४ गिगाहर्ट्झवरच चालते आणि तिचं वायफाय जुन्या पिढीचं आहे. धातूच्या रॅकमागे, एचडीएमआयच्या गुंत्यात २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल आधीच दमलेला असतो. आवाज वाढवायचं बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदाने आवाज वाढणं एकदा सहन होतं. रोज होऊ लागलं की घरातले लोक मुकाट्याने जुना रिमोट हातात घेतात.

एमिटर: खरी मेहनत इथे

जॅक ३.५ मिलिमीटरचे आहेत. एमिटर म्हणजे केबलच्या टोकाला छोटा इन्फ्रारेड दिवा. तो प्रत्येक यंत्राच्या इन्फ्रारेड सेन्सरच्या खिडकीवर चिकटवायचा. 'खिडकी कुठेतरी डाव्या बाजूला असेल' अशा अंदाजाने चिकटवलेला एमिटर दहातल्या सात वेळा चालतो, आणि तेच जास्त वाईट. पूर्ण बंद पडला असता तर शोधता तरी आला असता. टॉर्च तिरका धरून यंत्राच्या काळ्या काचेतून आत बघा. वाटाण्याएवढा गडद उंचवटा दिसेल, तीच खिडकी. दिसलीच नाही तर यंत्राच्या तोंडावर जाड पुठ्ठा धरा, त्याला पेन्सिलच्या जाडीचं भोक पाडा आणि मूळ रिमोट त्या भोकाशी टेकवून पुठ्ठा हळूहळू सरकवा. जिथे यंत्र प्रतिसाद देईल ती जागा.

चिकटवण्याआधी काच कोरड्या फडक्याने पुसा आणि एमिटर साध्या टेपने तात्पुरता लावून दोन-चार दिवस वापरून बघा. सोबतचा गोंद गरम रॅकमध्ये मऊ पडतो. एमिटर मिलिमीटर-मिलिमीटरने खाली घसरतो आणि मग "कधी चालतं, कधी चालत नाही" सुरू होतं. केबलला एमिटरपासून ५ सेंटिमीटरवर आणखी एक टेप लावला की केबलचं वजन गोंदावर येत नाही.

सिग्नल कमी पडण्याइतकाच तो जास्त झाल्यानेही त्रास होतो. काही यंत्रं इतकी संवेदनशील असतात की काचेला टेकलेल्या एमिटरने त्यांचा सेन्सर भारावून जातो आणि कोड वाचता येत नाही. असं वाटलं तर एमिटर एक-दोन सेंटिमीटर बाजूला सरकवा किंवा मध्ये पातळ चिकटपट्टीचा थर द्या. उलट, एकाच कंपनीची दोन यंत्रं वरखाली असतील तर एकाचा हुकूम दुसरं ऐकतं. तिथे एमिटरवर बाहेरून काळी विद्युत टेप लावून प्रकाश कोंडावा लागतो.

तिसरा जॅक ब्लास्टरसाठी वापरता येतो. ब्लास्टर म्हणजे खोलीभर प्रकाश फेकणारा जोरदार दिवा. त्यासाठी सेटिंगमध्ये तो जॅक ब्लास्टर म्हणून नेमावा लागतो आणि हे फक्त तिसऱ्यावरच होतं. उघड्या शेल्फवर चार यंत्रं असतील तर एका ब्लास्टरने काम भागतं, पण कोणता हुकूम कोणापर्यंत पोचला यावर ताबा राहत नाही. बंद रॅकमध्ये एमिटरच बरे.

एक जोडणी टाळावी. अनेक रिसीव्हरच्या मागे 'आयआर इन' असा जॅक असतो. तो ३.५ मिलिमीटरचा आहे म्हणून कपाटातली कोणतीही ऑडिओ केबल लावून आयटॅचशी जोडू नका. एमिटरचा दिवा पेटवण्यासाठी काढलेलं आउटपुट आणि व्होल्टेजची अपेक्षा करणारं इनपुट या वेगळ्या गोष्टी आहेत. ध्रुवीयता आणि सामायिक ग्राउंड जुळलं नाही तर नशिबाने काहीच होत नाही, कमनशिबाने पोर्ट जातो. यासाठी वेगळी जुळवणारी केबल मिळते. नसेल तर खिडकीवर एमिटर.

तपासणीसाठी फोनचा कॅमेरा पुरतो. हुकूम पाठवताना एमिटरकडे कॅमेऱ्यातून पाहिलं तर जांभळट झगमग दिसते. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा इन्फ्रारेड गाळणी असते, म्हणून पुढच्या कॅमेऱ्याने बघा. झगमग दिसते पण यंत्र हलत नाही, तर दोष कोडमध्ये किंवा जागेत. झगमगच नाही, तर प्लग पूर्ण आत गेला आहे का, तो योग्य जॅकमध्ये आहे का, आणि तो जॅक चुकून सेन्सर म्हणून नेमलेला तर नाही ना, ते पाहा.

कोड शिकवताना

डबीत शिकणारा सेन्सर आहे. अडॅप्टरच्या जॅकशेजारच्या बारीक छिद्रासमोर, काही सेंटिमीटरवर मूळ रिमोट धरायचा आणि आयलर्न या विंडोजवरच्या साधनात बटणामागून बटण नोंदवायचं. बटण दाबून धरू नका, टिचकी मारल्यासारखं दाबा. धरून ठेवलं तर कोडच्या शेपटीला पुनरावृत्तीही नोंदली जाते आणि नंतर एका हुकुमाला आवाज चार पायऱ्यांनी वाढतो. शिकवताना खोलीतले एलईडी दिवे आणि थेट ऊन टाळा. प्रत्येक बटण दोनदा शिकवून दोन्ही माळा ताडून बघा. आकडे एक-दोनने पुढेमागे असतील तर ठीक, लांबीच वेगळी असेल तर पुन्हा.

पद्धतींचे स्वभावही निरनिराळे. सोनीची यंत्रं ४० किलोहर्ट्झवर ऐकतात आणि एकच कोड सहसा तीनदा आल्याशिवाय दखल घेत नाहीत. म्हणून पुनरावृत्तीचा आकडा ३ ठेवावा लागतो. एकदाच पाठवून "कोड चुकला" असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ. आरसी-५ पद्धतीत, ३६ किलोहर्ट्झवर, प्रत्येक नव्या दाबाला एक बिट उलटतो. शिकवलेला कोड एकच असेल तर दुसऱ्यांदा पाठवल्यावर यंत्राला वाटतं बटण अजून दाबूनच धरलंय, आणि ते दुर्लक्ष करतं. यावर उपाय म्हणजे तेच बटण दोनदा शिकवून बिट ० आणि १ अशा दोन्ही प्रती मिळवायच्या आणि आळीपाळीने पाठवायच्या.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पॉवरचे स्वतंत्र कोड. रिमोटवर पॉवरचं एकच बटण असतं, चालूला बंद आणि बंदला चालू करणारं. मॅक्रोला ते विषासमान. कोणी हाताने टीव्ही आधीच चालू केलेला असेल तर 'सिनेमा सुरू' दाबल्यावर टीव्ही बंद होतो आणि बाकी सगळं चालू. 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोड अनेक यंत्रांना समजतात, रिमोटवर बटण नसलं तरी. कंपन्यांच्या कोडयाद्यांत ते सापडतात. एचडीएमआय १, एचडीएमआय २ यांचेही थेट कोड शोधा. 'इनपुट' बटण तीनदा दाबायचा मॅक्रो पहिल्याच आठवड्यात चुकतो.

जिथे उत्तर मिळतं तिथे इन्फ्रारेड नको

इन्फ्रारेड आंधळं आहे. 'कंप्लीटआयआर' याचा अर्थ डबीने सिग्नल सोडला, यंत्राने ऐकला असा नव्हे. म्हणून ज्या यंत्राला नेटवर्क किंवा सीरियलवर बोलता येतं त्याला आयटॅचच्या एमिटरवर टांगू नका. प्रोजेक्टरमध्ये पीजेलिंक (प्रोजेक्टर नेटवर्कवरून चालवायची प्रमाणित पद्धत) असेल तर टीसीपी ४३५२ वर त्याला पॉवरची स्थिती विचारता येते. उत्तर ० म्हणजे बंद, १ चालू, २ थंड होतोय, ३ तापतोय. मॅक्रोला याहून मौल्यवान माहिती नाही. डेनॉनचे नेटवर्क असलेले रिसीव्हर २३ क्रमांकाच्या पोर्टवर साधे हुकूम घेतात, पण त्यांच्या सेटिंगमध्ये नेटवर्क कायम चालू ठेवण्याचा पर्याय निवडलेला असावा लागतो. नाहीतर स्टँडबायमध्ये गेलेला रिसीव्हर जागाच होत नाही. पॉवर चालू केल्यावर पुढचा हुकूम १ सेकंद थांबून द्यावा, असं त्यांच्या प्रोटोकॉलमध्येच म्हटलं आहे.

सीरियलसाठी आयपीटूएसएल. हुकूम ४९९८ वर नव्हे, ४९९९ वर जातात. इथे लागणाऱ्या ठेचा दोनच. सीरियलची सेटिंग दोन्ही बाजूंना जुळली पाहिजे, म्हणजे बॉड रेट (वेग), डेटा बिट, पॅरिटी सगळंच. आणि केबल सरळ हवी की २ आणि ३ क्रमांकाच्या पिना उलटवलेली, ते यंत्राच्या मॅन्युअलमध्ये पाहूनच घ्यावी. पाच नंबरची पीन ग्राउंड, ती दोन्हीकडे पाचच.

जुना अ‍ॅम्प्लिफायर, सेट-टॉप बॉक्स, साधा एचडीएमआय स्विच, पंखा, एसी ही मंडळी आयपीटूआयआरसाठी उरतात. तीन जॅक त्यांना पुरतात.

एचडीएमआय-सीईसीचा बंदोबस्त मात्र करावाच लागतो. टीव्ही, रिसीव्हर आणि प्लेअर एचडीएमआयच्या १३ व्या पिनेवरून आपापसात हुकूम देत असतात. मॅक्रोने प्लेअर चालू केला की प्लेअर टीव्हीला जागं करतो, टीव्ही रिसीव्हरचं इनपुट बदलतो, आणि तेवढ्यात मॅक्रोची पुढची पायरी येऊन आदळते. एका घरात दोन कारभारी नकोत. सीईसी बंद करा. टीव्हीचा आवाज एआरसीने (एचडीएमआय केबलमधूनच उलट दिशेने) रिसीव्हरकडे जात असेल तर पूर्ण बंद करता येत नाही. तिथे सीईसीच्या आतले पॉवर आणि इनपुट बदलाचे उपपर्याय तेवढे बंद करा.

मॅक्रोचा क्रम असा ठेवावा. आधी प्रोजेक्टर, कारण तो तापायला अर्धा-एक मिनिट घेतो. मग स्रोत यंत्रं, मग रिसीव्हर, सगळ्यात शेवटी वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात आधी. हा क्रम चुकला की स्पीकरमधून धाडकन आवाज येतो आणि ट्वीटरच्या जिवावर बेततं. आवाजाबाबतही सुरक्षेचा भाग आहे. इन्फ्रारेडने 'वाढव' पाठवताना पुनरावृत्ती ५० ठेवली आणि थांबण्याचा हुकूम नेटवर्कवर हरवला तर आवाज चढत राहतो. पुनरावृत्ती कमी ठेवा, रिसीव्हरमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घाला, आणि शक्य असेल तिथे सुरुवातीलाच ठरावीक आवाजाचा थेट हुकूम द्या. डेनॉनच्या मोजणीत ८० म्हणजे ० डेसिबल, तेव्हा ५० म्हणजे उणे ३० डेसिबल. सुरुवातीला तेवढा पुरे.

रिले: इथे घाई नको

आयपीटूसीसीचे रिले कमी व्होल्टेजच्या नियंत्रणासाठी आहेत. प्रोजेक्टरच्या पडद्याच्या मोटरचं कोरड्या संपर्काचं (बाहेरून वीज न घेता नुसत्या दोन तारा जोडल्यावर चालणारं) इनपुट, दुसऱ्या मोठ्या रिलेचं कॉइल, एवढ्यासाठीच. घरातली मुख्य वीज त्यांच्या टर्मिनलवर कधीच आणू नये. सबवूफर बंद करायला, प्रोजेक्टरचा प्लग तोडायला, दिवे लावायला, कशालाही नाही. चालू होताना मोठा ट्रान्सफॉर्मर किंवा एसएमपीएस (यंत्रातला स्विचिंग वीजपुरवठा) क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. छोट्या रिलेचे संपर्क त्या ठिणगीने एकमेकांना चिकटतात, आणि मग स्क्रीनवर 'बंद' दिसत असतं, यंत्र चालूच असतं. मुख्य वीज तोडायची असेल तर त्या भाराचा काँटॅक्टर (जड भारासाठीचा मोठा रिले), बंद खोक्यात, स्वतःच्या एमसीबीनंतर आणि इलेक्ट्रिशियनकडूनच. आयटॅचचा रिले फक्त त्या काँटॅक्टरचं कमी व्होल्टेजचं कॉइल चालवेल. ते कॉइल डीसीचं असेल तर त्याला समांतर उलटा डायोड लावा. नाहीतर कॉइल सुटताना निघणारा उलटा दाब हळूहळू संपर्क खातो.

रिले स्वतः व्होल्टेज देत नाही, फक्त दोन तारा जोडतो. १२ व्होल्ट ट्रिगर मागणाऱ्या पडद्याला नुसता रिले जोडून तो हलत नाही, त्याला वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा मध्ये घालावा लागतो.

मोटरच्या पडद्यात वर आणि खाली यांच्या तारा वेगळ्या असतात. दोन्ही एकाच वेळी जोडल्या गेल्या तर मोटर गरम होते, कॅपॅसिटर आणि गुंडाळी दोन्ही धोक्यात. सॉफ्टवेअरमध्ये "एक चालू असताना दुसरं नको" असं लिहिणं पुरेसं नाही, सॉफ्टवेअर अडकतं. इंटरलॉक तारेतच हवा. दिशा बदलताना मध्ये किमान अर्धा सेकंद थांबा. दोन पडदे किंवा पडदा आणि खिडकीचा रोलर एकाच संपर्कावर समांतर जोडू नका. एका मोटरच्या कॅपॅसिटरमधून दुसरीकडे उलटी वीज जाते आणि टोकाला पोचून थांबलेली मोटर पुन्हा चालायला लागते. नळीच्या आतल्या मोटरी सलग चारेक मिनिटांच्या कामासाठीच काढलेल्या असतात. चाचणी घेताना वरखाली करत बसलात की आतला उष्णतेचा खटका तुटतो आणि मोटर मेल्यासारखी वाटते. अर्धा तास सोडून द्या, पुन्हा चालेल.

पडदा दिसत नसताना तो हलवायची सोय फोनवर ठेवू नये. खाली कोणी मूल उभं असेल, मधला स्पीकर पुढे सरकलेला असेल. भिंतीवरचं मूळ बटण काढून टाकू नका. तसंच खोलीतला किमान एक दिवा नेटवर्कशिवाय, साध्या खटक्याने लागलाच पाहिजे. अंधाऱ्या खोलीत राउटर अडकल्यावर पायऱ्या शोधाव्या लागणं हा शहाणपणा नाही.

प्रोजेक्टरची वीज स्मार्ट प्लगने तोडण्याची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. दिव्याच्या प्रोजेक्टरला बंद झाल्यावर पंखा चालवून दिवा थंड करावा लागतो. त्याआधी वीज गेली तर दिव्याचं आयुष्य घटतं. बंद करण्याचा हुकूम द्या, पीजेलिंकवर ० येईपर्यंत थांबा, आणि प्लग मुळात तोडूच नका. वीज वारंवार जात असेल तर प्रोजेक्टरला थंड होण्याइतका यूपीएस दिलेला बरा. त्याच यूपीएसवर राउटर आणि आयटॅचही घ्या.

तारांबद्दल एवढंच. एमिटर, सीरियल आणि नेटवर्कच्या तारा मुख्य विजेच्या नळीतून ओढू नयेत. शेजारून न्याव्या लागल्या तर अंतर ठेवा, ओलांडाव्या लागल्या तर काटकोनात. रॅकच्या आत काम करण्याआधी एमसीबी पाडा आणि मीटरने तपासा. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर भरवसा नको.

कुलूप नसलेलं दार

४९९८ पोर्टला पासवर्ड नाही. घरच्या नेटवर्कवर असलेला कोणीही, पाहुण्याचा फोनसुद्धा, हुकूम देऊ शकतो. म्हणून राउटरमध्ये या पोर्टचं फॉरवर्डिंग अजिबात करू नका. बाहेरून नियंत्रण हवं असेल तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट). पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय ठेवा. रिलेची डबी बसवली असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे खरी मोटर फिरते.

एकाच वेळी ८ टीसीपी जोडण्यांपर्यंत डबी घेते. तीन फोन, एक टॅबलेट, होम असिस्टंट आणि कुठेतरी अर्धवट सुटलेल्या दोन-तीन जोडण्या मिळून मर्यादा गाठली की नवा फोन जोडला जात नाही. दोष फोनचा वाटतो. बरं हे की सगळ्या फोनांनी थेट आयटॅचशी बोलूच नये. ते मधल्या प्रणालीशी बोलतील आणि ती एकटी आयटॅचशी. यामुळे 'बिझीआयआर' हे उत्तरही टळतं. एका जॅकवर एक हुकूम चालू असताना दुसऱ्या जोडणीवरून दुसरा आला की डबी तो नाकारते. मॅक्रो लिहिताना एकाच जॅकवरच्या दोन हुकुमांत 'कंप्लीटआयआर' येईपर्यंत थांबावं, त्यावर यंत्राच्या स्वभावाप्रमाणे ३०० ते ५०० मिलिसेकंद आणखी.

घेताना नावाचं शेवटचं अक्षर वाचून घ्या. 'पी' आहे की नाही यावर स्विच कोणतं लागेल ते ठरतं. घरात आधीच पीओई स्विच असेल तर तीच आवृत्ती घ्यावी, रॅकमध्ये एक अडॅप्टर कमी. टीव्ही, रिसीव्हर आणि प्रोजेक्टर तिघंही नेटवर्कवर बोलणारे असतील, तर ही डबी घेऊच नका. नेटवर्क केबलचे पैसे द्या आणि होम असिस्टंटमध्ये तिघांना सरळ जोडा.